टीजीच्या वहीपासून आयक्यूएसीच्या ठरावापर्यंत: इंजिनिअरिंग कॉलेजात मार्गदर्शन आणि गुणवत्तेचं काम एकत्र कसं चालवावं

मध्य प्रदेशातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांमागे टीजी, म्हणजे ट्यूटर गार्डियन, नेमण्याची रीत आहे. त्याच इमारतीत आयक्यूएसी, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, बसतो. टीजीच्या वहीत बुडालेले तास, घरची अडचण आणि न कळलेला विषय लिहिलेला असतो. कक्षाच्या फाइलीत टक्केवारी आणि आलेख असतात. एनबीए (अभ्यासक्रमांना मानांकन देणारं मंडळ) किंवा नॅक (संस्थेला मानांकन देणारी परिषद) यांच्या भेटीची तारीख ठरली की या दोन कागदांची गाठ घातली जाते, पण तोवर ज्याची अडचण वहीत नोंदली होती तो मुलगा पास किंवा नापास होऊन पुढे गेलेला असतो. खालची पद्धत ही दोन्ही कामं सत्राच्या पहिल्या आठवड्यापासून जोडून चालवण्यासाठी आहे.

उदाहरणं इंदूरमधल्या, आरजीपीव्हीशी, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण विद्यापीठाशी, संलग्न कॉलेजची आहेत. तिथे थिअरीच्या विषयाची विभागणी साधारणपणे ७० गुण विद्यापीठाच्या परीक्षेला, २० मिड-सेमला आणि १० क्विझ-असाइनमेंटला अशी असते. संलग्न कॉलेजला अभ्यासक्रम बदलता येत नाही, हे पुढे वाचताना लक्षात ठेवा. १९५२ साली सुरू झालेली आणि १९८९ पासून स्वायत्त असलेली इंदूरचीच एसजीएसआयटीएस ही इंजिनिअरिंग संस्था आपल्या अभ्यास मंडळात विषयच बदलू शकते. संलग्न कॉलेजला तेच काम प्रयोगशाळा, ट्यूटोरियल, प्रोजेक्ट आणि इंटर्नशिपच्या वाटेनं करावं लागतं.

टीजीची नेमणूक

एका शिक्षकाकडे २० विद्यार्थी पुरे. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, प्रवेशानंतरच्या इंडक्शन कार्यक्रमातही सुमारे २० जणांचा गट आणि एक मार्गदर्शक शिक्षक हीच रचना आहे. तोच गट पुढे चालू ठेवला तर वेगळी यादी करावी लागत नाही आणि मुलांचीही ओळख मोडत नाही. ३० च्या वर गेलं की भेटी सह्यांपुरत्या उरतात, असा अनुभव सगळीकडे येतो. पहिल्या वर्षी टीजी बेसिक सायन्सचा आणि दुसऱ्या वर्षापासून विभागाचा असावा, की चारही वर्षं एकच असावा, यावर दोन मतं आहेत. आमचं मत सरळ आहे: पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्याच्या स्वतःच्या विभागातला शिक्षक द्यावा आणि चारही वर्षं तोच ठेवावा. मुलगा मोकळेपणानं बोलायला लागतो तो दुसऱ्या-तिसऱ्या सत्रात. नेमक्या त्याच वेळी माणूस बदलला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

गट पाडताना रोल नंबरनं सरसकट वीस-वीस करू नका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात आलेले लॅटरल एन्ट्रीचे विद्यार्थी यादीच्या शेवटी असतात, त्यामुळे ते सगळे एकाच शिक्षकाच्या वाट्याला जातात. त्यांना प्रत्येक गटात तीन-चार असे वाटून द्या. त्यांचा पहिला अडथळा जवळजवळ नेहमी गणिताचा असतो, कारण डिग्रीच्या पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी केलेलं नसतं आणि तिसऱ्या-चौथ्या सत्राचं गणित ते येतं असं धरूनच शिकवलं जातं. पहिल्या तीन आठवड्यांत १०-१२ तासांचा ब्रिज कोर्स लावा: मॅट्रिक्स, अवकलन, समाकलन, कॉम्प्लेक्स नंबर. सत्र अर्ध्यावर आल्यावर लावलेला ब्रिज कोर्स मुलांना दंडासारखा वाटतो आणि ते येत नाहीत.

भेटी केव्हा आणि कशा

सत्रात तीन वैयक्तिक भेटी, प्रत्येकी १० ते १५ मिनिटांच्या. पहिली चौथ्या आठवड्यात, दुसरी पहिल्या मिड-सेमचे गुण हाती आल्यावर आठ दिवसांच्या आत, तिसरी परीक्षा फॉर्म भरण्याआधी. विषम सत्रात पहिली भेट गणपतीच्या आधी उरकली तर बरं. गणपती, नवरात्र, दिवाळी ही रांग एकदा सुरू झाली की बडवानी, खरगोन, बुऱ्हाणपूरकडची मुलं गावी जाऊन-येऊन असतात. सम सत्रात रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीच्या, आगेमागे मिड-सेम किंवा भेटीचा दिवस ठेवू नका. निम्मा वर्ग रिकामा मिळेल आणि तो आकडा वर्षभर हजेरीच्या तक्त्यात बसून राहील.

चौथा आठवडा का, ते गणितानंच कळतं. समजा एका विषयाचे सत्रात ४० तास आहेत. ७५ टक्के हजेरीसाठी ३० तास हवेत. चौथ्या आठवड्याअखेर १२ तास झाले आणि विद्यार्थी ५ तासांना आला. उरलेल्या २८ पैकी त्याला २५ तासांना यावंच लागेल, म्हणजे आता जास्तीत जास्त तीन तास चुकले तर चालतील. हेच सत्राच्या मध्यावर पाहिलं, २० पैकी ९ हजेरी सापडली, तर पुढचे वीसच्या वीस तास बसूनही २९ होतात, म्हणजे ७२.५ टक्के. तेव्हा सांगून उपयोग नसतो. विद्यार्थ्याला ‘तुझी हजेरी ४२ टक्के आहे’ असं सांगू नका. ‘या विषयात तुझ्याकडे आता तीनच सुट्ट्या उरल्यात’ असं सांगा, म्हणजे तो तारखा मोजायला लागतो.

भेटीत आधी कागद, मग प्रश्न. समोर तीन गोष्टी असाव्यात: विषयवार हजेरी, मिड-सेमची उत्तरपत्रिका (नुसते गुण नव्हे) आणि मागच्या भेटीत काय ठरलं होतं ते. उत्तरपत्रिका उघडून विचारा, ‘हा प्रश्न तू सोडलास, वेळ नव्हता की येत नव्हता?’ या एका प्रश्नातून जेवढं कळतं तेवढं ‘काही अडचण आहे का?’ विचारून कळत नाही. दुसऱ्या प्रश्नाला जवळजवळ प्रत्येक मुलाचं उत्तर ‘नाही सर’ असंच असतं.

बोलण्याची भाषा मुलानं निवडावी. इंदुरात एकाच गटात घरी मराठी बोलणारी, माळवी-निमाडी बोलणारी आणि हिंदी बोलणारी मुलं असतात, आणि तांत्रिक शब्द सगळ्यांचे इंग्रजी. राजवाड्याकडच्या किंवा बुऱ्हाणपूरच्या मराठी घरातला मुलगा चारचौघांत हिंदीत बोलतो. एकटा असताना तुम्ही मराठीत सुरुवात केलीत तर तो घरचंही बोलतो. पालकांना फोन करताना आधी चांगली बाजू सांगा आणि एकच मागणी ठेवा: ‘नमस्कार काका, मी तुमच्या मुलाचा टीजी बोलतोय. वर्कशॉपमध्ये हात चांगला चालतो त्याचा. दिवाळीनंतर सोमवारी तो वर्गात हवा, एवढं बघाल का?’ पहिल्याच फोनवर तक्रारींची यादी वाचली तर पुढचा फोन उचलला जात नाही.

वहीत काय लिहायचं यापेक्षा काय लिहायचं नाही हे आधी ठरवा. आईवडिलांचं भांडण, आजार, मानसिक त्रास, जातीवरून झालेलं बोलणं यातलं काहीही टीजीच्या वहीत सविस्तर येता कामा नये. वही कार्यालयात फिरते, तपासणीत उघडली जाते. अशा वेळी ‘भेट झाली, समुपदेशकाकडे पाठवलं’ एवढीच ओळ आणि तारीख. तपशील समुपदेशकाच्या कुलपात. वहीच्या पहिल्या पानावर दोन क्रमांक छापून ठेवा: मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ आणि रॅगिंगविरोधी हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. मुलगा जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला तर गुप्ततेचा नियम तिथे थांबतो. त्याला एकटं सोडू नका, त्याच तासाला समुपदेशक आणि विभागप्रमुखांना कळवा.

शिष्यवृत्तीचं काम टीजीनं स्वतः करू नये, पण तारखांची आठवण त्यानंच द्यावी. मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेचं किंवा राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलचं नूतनीकरण राहून गेलं की पुढच्या सत्राची फी अडते, आणि फी अडली की आधी हजेरी घसरते. एआयसीटीईची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. पात्र असूनही अर्ज न केलेल्या मुली जवळजवळ प्रत्येक वर्गात सापडतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत विचारा.

वही समितीपर्यंत कशी पोचते

टीजीची वही कोणी वाचत नाही, कारण २० मुलांच्या तीन-तीन भेटींची पानं वाचायला कोणाला वेळ नसतो. म्हणून महिन्याअखेर टीजीनं एकच पान द्यायचं. प्रत्येक अडचणीला एक खूण: ‘ह’ हजेरी, ‘वि’ विषय न कळणं, ‘प्र’ प्रयोगशाळा, ‘पै’ फी किंवा शिष्यवृत्ती, ‘रा’ वसतिगृह-प्रवास, ‘इ’ इतर. विषय आणि प्रयोगशाळेच्या खुणेपुढे विषयाचं नाव आणि युनिट. विद्यार्थ्याचं नाव या पानावर नको.

विभागात तीन वर्ग आणि नऊ टीजी असतील तर महिन्याला नऊ पानं जमतात. ती एका तक्त्यात मांडायला अर्धा तास लागतो. नियम एवढाच: एकाच विषयाच्या एकाच युनिटबद्दल तीन वेगवेगळ्या टीजींकडून ‘वि’ आला, तर तो विभागाच्या पुढच्या बैठकीचा विषय होतो. एका टीजीकडून पाच जरी आले तरी आधी त्या टीजीशी बोला, कारण एकाच मित्रमंडळातली पाच मुलं एकच वाक्य बोलत असतात.

बैठकीत शिक्षकाचं नाव घेऊन चर्चा होऊ देऊ नका. आधी विभागप्रमुखांनी त्या शिक्षकाशी एकट्यानं, सात दिवसांच्या आत बोलावं. कारण बहुतेक वेळा साधं निघतं: तास बुडाले, त्याच वेळी दुसऱ्या वर्गाची प्रॅक्टिकल परीक्षा होती, पुस्तक बदललं. आपल्याला न विचारता आपल्याबद्दल बैठक झाली असं एकदा जरी कोणाला वाटलं, तर पुढच्या महिन्यापासून सगळ्या टीजींची पानं कोरी येतात. ही पद्धत बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

याच्याच जोडीला सहाव्या आठवड्यात विषयवार छोटा फीडबॅक घ्या. निनावी, तीन प्रश्न: काय नीट कळतंय, काय कळत नाहीये, एक गोष्ट बदलायची तर कोणती. सत्र संपल्यावरचा वीस प्रश्नांचा फॉर्म फाइलीला लागतो म्हणून घ्या, पण त्याचा फायदा ज्यानं भरला त्याला कधीच होत नाही. दहापेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या इलेक्टिव्हमध्ये लेखी फॉर्म घेऊ नका, अक्षरावरून माणूस ओळखू येतो. आणि सरासरीवर विसंबू नका. ४० पैकी २० मुलांनी ५ दिले आणि २० मुलांनी २, तर सरासरी ३.५ येते. २० जणांनी ४ आणि २० जणांनी ३ दिले तरी ३.५ च येते. पहिल्या वर्गात निम्मी मुलं मागे पडली आहेत, दुसऱ्यात तसं काही नाही. म्हणून प्रत्येक गुणापुढे किती मुलं, हा तक्ताच बैठकीत ठेवा.

सीओची प्राप्ती: आकडा खोटा कुठे होतो

कोर्स आउटकम, म्हणजे सीओ, हे विषय संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता येईल याचं वाक्य. ‘विद्यार्थ्याला पंपांचं ज्ञान होईल’ हा सीओ नाही, कारण ज्ञान झालं की नाही हे मोजता येत नाही. ‘दिलेल्या डिस्चार्ज आणि हेडसाठी सेंट्रिफ्यूगल पंपाला लागणारी शक्ती काढून योग्य मोटर निवडता येईल’ हा सीओ, कारण त्यावर प्रश्न तयार करता येतो. उदाहरणार्थ: डिस्चार्ज (पाण्याचा प्रवाह) सेकंदाला २० लिटर, हेड (पाणी चढवायची उंची) १५ मीटर, कार्यक्षमता ६० टक्के. पाण्याला दिलेली शक्ती १००० × ९.८१ × ०.०२ × १५ = २९४३ वॅट. ०.६ नं भागलं की ४९०५ वॅट, म्हणजे सुमारे ४.९ किलोवॅट. इथवर चार गुण. आता बाजारात मिळणाऱ्या ३.७, ५.५ आणि ७.५ किलोवॅटच्या मोटरींतून कोणती घ्याल आणि का, याला आणखी चार गुण. ज्यानं सूत्र पाठ केलंय तो पहिले चार मिळवतो. ज्याला पंप कळलाय तो ५.५ निवडतो आणि थोडी शक्ती हाताशी का ठेवायची तेही सांगतो. एकाच प्रश्नात दोन पातळ्या वेगळ्या दिसतात.

प्राप्ती मोजण्यासाठी आधी पातळ्या ठरवून विभागाच्या बैठकीत नोंदवा. नेहमीची मांडणी अशी: ठरलेल्या गुणांच्या ६० टक्के किंवा जास्त गुण निम्म्या विद्यार्थ्यांनी मिळवले तर पातळी १, साठ टक्के विद्यार्थ्यांनी मिळवले तर २, सत्तर टक्क्यांनी मिळवले तर ३, पन्नासच्या खाली शून्य. विद्यापीठाच्या परीक्षेला ७० आणि अंतर्गत मूल्यमापनाला ३० टक्के वजन, गुणांच्या विभागणीप्रमाणेच. गैरहजर विद्यार्थी भागाकारात धरायचे की नाही, तेही एकदाच ठरवून लिहून ठेवा. दर वर्षी सोयीनं बदललेला भाजक तपासणीत पहिल्या तासात सापडतो.

आता फ्लुइड मेकॅनिक्सचा वर्ग घेऊ, ६२ विद्यार्थी. वरचा पंपाचा सीओ पाचवा, युनिट ५ मधला. समजा विद्यापीठाच्या पेपरात ६० टक्क्यांच्या वर ३३ जण गेले: ५३.२ टक्के, पातळी १. अंतर्गत मूल्यमापनात ५८ जण गेले: ९३.५ टक्के, पातळी ३. प्राप्ती = ०.७ × १ + ०.३ × ३ = १.६. लक्ष्य २.० होतं, थोडक्यात हुकलं, असं वाटतं.

पण अंतर्गतचे ५८ आले कुठून? युनिट ५ दिवाळीनंतर शिकवलं गेलं आणि दुसरी मिड-सेम त्याच्या आधीच झाली. सीओ ५ चा एकमेव पुरावा म्हणजे घरून लिहून आणलेली असाइनमेंट, आणि ती वर्गातल्या दोन वह्यांवरून सगळ्यांनी उतरवलेली. तीच गोष्ट मिड-सेममधल्या एका प्रश्नानं मोजली असती आणि समजा ६२ पैकी २७ जणच पुढे गेले असते, तर ४३.५ टक्के, पातळी शून्य, आणि प्राप्ती ०.७. खरा आकडा तोच. संलग्न कॉलेजला विद्यापीठाच्या पेपरातले प्रश्नवार गुण मिळत नाहीत, त्यामुळे बाहेरची पातळी सगळ्या सीओंना सारखीच लागते. कोणता सीओ कच्चा आहे हे फक्त अंतर्गत परीक्षेतूनच कळू शकतं. ती ढिली ठेवली तर मोजण्याचं एकुलतं साधन हातचं गेलं.

म्हणून तीन कामं करा. मिड-सेमचा पेपर काढण्याआधी २० गुणांची सीओवार वाटणी विभागप्रमुखांना दाखवा आणि प्रत्येक सीओचा निदान एक प्रश्न वर्गात बसून सोडवला गेलाच पाहिजे हा नियम ठेवा. शेवटचं युनिट दुसऱ्या मिड-सेमच्या आधी निम्मं तरी संपेल असं वेळापत्रक लावा. आणि असाइनमेंटमध्ये प्रत्येकाला वेगळे आकडे द्या: हेड = १० + रोल नंबरचे शेवटचे दोन अंक, मीटरमध्ये. एवढ्यानंही उतरवणं बरंच थांबतं, कारण निदान गणित तरी स्वतः करावं लागतं.

सीओ-पीओ जोडणीत सगळे रकाने ३ नं भरण्याची सवय मोडा. प्रोग्राम आउटकम, म्हणजे पीओ, ही पूर्ण पदवी संपल्यावर विद्यार्थ्याला काय यावं याची वाक्यं; ती जुन्या एनबीए नमुन्यात १२ होती, सुधारित नमुन्यात ११ आहेत. जुना तक्ता नव्या अर्जात तसाच चिकटवू नका. १.६ प्राप्ती असलेल्या सीओची एखाद्या पीओशी जोडणी २ असेल तर त्याचा वाटा १.६ × २ ÷ ३ = १.०७. जोडणी ३ लिहिली की वाटा १.६ होतो, म्हणून मोह होतो. पण ‘पर्यावरण’ किंवा ‘संघकार्य’ या पीओपुढे ३ लिहिला की भेटीला आलेले तज्ज्ञ विचारतात, ‘कोणत्या प्रश्नातून मोजलंत?’ उत्तर नसेल तर रकाना रिकामा सोडा. कमी प्राप्ती आणि तिच्यापुढे केलेला उपाय दिसला तर तज्ज्ञांचा विश्वास बसतो. सगळीकडे २.९ दिसलं की ते उत्तरपत्रिका मागतात.

प्रयोगशाळा

इथली गुणवत्ता तीन वह्यांत दिसते: स्टॉक, बिघाड आणि कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरण बरोबर मोजतंय का याची तपासणी. मायक्रोमीटर, प्रेशर गेज, मल्टिमीटर वर्षातून एकदा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. उपकरणावर पुढच्या तारखेची चिठ्ठी लावा आणि प्रमाणपत्रातली त्रुटी भिंतीवर लिहा, म्हणजे मुलं ती वाचनात धरतील. बिघाडाच्या वहीत बंद पडल्याची आणि सुरू झाल्याची अशा दोन्ही तारखा हव्यात. चारपैकी दोन सेट सहा आठवडे बंद असतील, तर एका सेटवर दहा मुलं उभी राहतात आणि त्यातल्या आठ जणांनी हँडलला हात लावलेला नसतो.

मागच्या वर्षाच्या फाइलीतून वाचनं उतरवणं हा सगळ्यात जुना रोग. ओरडण्यापेक्षा प्रयोगच बदला. युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर एका गटाला १० मिलिमीटरची सळई द्या, दुसऱ्याला १२ ची. क्षेत्रफळ ७८.५ वरून ११३.१ चौरस मिलिमीटरवर गेलं की उतरवलेला भार ताणाशी जुळत नाही. पंपाच्या प्रयोगात डिलिव्हरी व्हॉल्व्हच्या उघडझापेचे टप्पे प्रत्येक बॅचला वेगळे ठरवून द्या. आणि वाचनं आधी कच्च्या कागदावर, शिक्षकाची सही तिथेच, मगच फाइल.

उद्योगाचं सल्लागार मंडळ

मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकलवाल्यांना पीथमपूर आणि देवास हाताशी आहेत, कॉम्प्युटरवाल्यांना सुपर कॉरिडॉर हा आयटी कंपन्यांचा पट्टा. मंडळात विभागप्रमुख, दोन शिक्षक, उद्योगातले तीन, दुसऱ्या संस्थेचा एक प्राध्यापक, दोन माजी विद्यार्थी पुरेत. उद्योगातून फक्त एचआरचे वरिष्ठ घेऊ नका. नव्या मुलांना रोज शॉपवर काम देणारा शिफ्ट इंजिनिअर किंवा मेंटेनन्सचा माणूस निदान एक तरी हवा. माजी विद्यार्थी पाच ते सात वर्षांपूर्वी बाहेर पडलेले घ्या. त्यांना कॉलेजही आठवतं आणि कामही कळलेलं असतं.

‘अभ्यासक्रम कसा वाटतो?’ असं विचारलं की ‘चांगला आहे, प्रॅक्टिकल वाढवा’ हे उत्तर येतं. त्याऐवजी दहा दिवस आधी एकच प्रश्न पाठवा: गेल्या दोन वर्षांत घेतलेल्या नव्या इंजिनिअरांना पहिल्या तीन महिन्यांत काय पुन्हा शिकवावं लागलं? उत्तरं नेमकी येतात: ड्रॉइंगवरचं टॉलरन्स वाचता येत नाही, ब्रेकडाउन रिपोर्ट लिहिता येत नाही, मायक्रोमीटरचा लीस्ट काउंट विचारला की गडबडतात. यातलं अभ्यासक्रमात काही घालता येत नसलं, तरी वर्कशॉपच्या वेळापत्रकात दोन-दोन तासांची चार सत्रं बसतात. कारखान्यातली खरी पार्ट-ड्रॉइंगं मागून घ्या, मुलांना वाचायला लावा, शेवटी दहा गुणांची चाचणी घ्या, आणि पुढच्या बैठकीत त्याच माणसाला चाचणीच्या वह्या दाखवा. आपलं बोलणं कुठे पोचलं ते दिसलं की तो तिसऱ्या बैठकीला स्वतःहून येतो. सीएनसीसारख्या गोष्टींसाठी सांवेर रोडवरच्या इंडो-जर्मन टूल रूमशी बोला. प्रत्येक यंत्र कॉलेजनं विकतच घेतलं पाहिजे असं नाही. वर्षातली एक बैठक कॉलेजऐवजी कारखान्यात घ्या, म्हणजे शिक्षकांनाही शॉप दिसतं.

आयक्यूएसीची बैठक आणि तिचे कागद

नॅकच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कक्षाचे अध्यक्ष संस्थाप्रमुख असतात. शिक्षक, व्यवस्थापन आणि प्रशासनाबरोबर समाज, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि उद्योग यांचे प्रतिनिधी त्यात असतात. नामनिर्देशित सदस्यांची मुदत दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी निदान एक बैठक, गणपूर्ती दोनतृतीयांश. विद्यार्थी प्रतिनिधीची जागा भरलेली असते, पण बैठक तासांच्या वेळेत ठेवली की खुर्ची रिकामी राहते. वेळ त्याच्या वेळापत्रकावरून ठरवा.

इतिवृत्तात ‘निकालावर चर्चा झाली, योग्य कार्यवाही करण्याचे ठरले’ हे वाक्य दिसलं की ती बैठक वाया गेली समजा. ठराव असा लिहा: ‘फ्लुइड मेकॅनिक्स, सीओ ५, प्राप्ती १.६, लक्ष्य २.०. कारण: युनिट ५ चे ८ पैकी ३ तास झाले, मूल्यमापन फक्त असाइनमेंटवर. उपाय: युनिट ५ दुसऱ्या मिड-सेमआधी, पंपनिवडीवर दोन ट्यूटोरियल. जबाबदारी: विषयशिक्षक. पडताळणी: दुसऱ्या मिड-सेममधला सीओ ५ चा प्रश्न.’ पुढच्या बैठकीचा पहिला विषय याच ठरावाचं काय झालं हा. उपाय फसला असेल तर तसंच लिहा आणि दुसरा उपाय ठरवा. ठराव झाल्यावर टीजीनं आपल्या गटाला दोन ओळींत सांगायचं: तुम्ही हे बोललात, त्यावर हे झालं. हे न सांगितल्यामुळेच पुढच्या सत्रात मुलं फॉर्म रिकामे टाकतात.

सत्रात एकदा दुसऱ्या विभागाच्या शिक्षकाकडून अंतर्गत ऑडिट करून घ्या. प्रत्येक विषयाच्या तीन उत्तरपत्रिका: सर्वांत जास्त, मधली, सर्वांत कमी गुणांची. बेरीज, प्रश्नवार गुण, सीओची खूण आणि मुलांनी उत्तरपत्रिका पाहिल्याची सही तपासायची. मग त्याच वर्गातल्या पाच मुलांना विचारायचं की या विषयाचे सीओ तुम्हाला कोणी सांगितले का. वेळ कमी असेल तर उत्तरपत्रिका सोडा, पण हे विचारणं सोडू नका.

फाइली विषयवार नव्हे, वर्षवार लावा: चालू वर्ष आणि त्यामागची तीन. प्रत्येक कागद त्याच आठवड्यात स्कॅन करून ‘२०२५-२६, विभाग, सत्र, विषय, कागदाचं नाव’ अशा एकाच साच्याच्या नावानं ठेवा. भेटीच्या आदल्या महिन्यात केलेले कागद एकाच शाईचे, एकाच अक्षराचे असतात, आणि तज्ज्ञांना ते पहिल्या नजरेत कळतं.

परदेशी शिक्षणाचं विचारणाऱ्या मुलांसाठी टीजीला एक गोष्ट नक्की माहीत हवी. एनबीएच्या माध्यमातून भारत जून २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पदव्यांना देशादेशांनी परस्पर मान्यता देण्याच्या कराराचा, कायम सदस्य झाला, पण त्या कराराची मान्यता टियर-१ मध्ये, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांच्या गटात, मानांकन मिळालेल्या अभ्यासक्रमांनाच लागू होते. संलग्न कॉलेजचं मानांकन टियर-२ चं असतं. ‘आपल्याला एनबीए आहे, सगळीकडे चालेल’ असं सांगितलं तर मुलाला त्याची चूक अर्ज भरताना कळते.

टीजी कॉलेज सोडून जात असेल तर कार्यमुक्तीच्या कागदावर वही सुपूर्द केल्याची नोंद घ्या. जुना टीजी, नवा टीजी आणि विभागप्रमुख यांनी एकत्र बसून २० नावं वाचावीत, प्रत्येकाला दोन मिनिटं. ज्यांच्यापुढे ‘समुपदेशकाकडे पाठवलं’ अशी ओळ आहे, त्या विद्यार्थ्यांना नव्या टीजीनं पहिल्या आठवड्यातच, कारण न विचारता, नेहमीच्या भेटीला बोलवावं.